घरातले छोटे पाम: जागा बघण्यापासून रिपॉटिंगपर्यंत सगळं सविस्तर

घरात पाम आणला की पहिले दोन-तीन महिने तो मस्त दिसतो, मग खालची एक झावळी पिवळी पडते, मग पात्यांची टोकं तपकिरी व्हायला लागतात, आणि मग माणूस घाबरून रोज पाणी घालतो, खत घालतो, जागा बदलतो, मोठ्या कुंडीत हलवतो आणि झाड खरंच मरतं. इनडोअर पाम जास्त करून या धावपळीनेच मरतात. पामची गती फार हळू आहे. चांगल्या जागेवरचा छोटा पामसुद्धा वर्षभरात मोजक्याच नवीन झावळ्या काढतो, आज तुम्ही जे कराल त्याचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो आणि आज जे दिसतंय ते मागे कधीतरी झालेलं असतं. एवढं पक्कं डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

अजून एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढच्या प्रत्येक सल्ल्याच्या मुळाशी तीच आहे. जास्वंदीचा शेंडा खुडला की खालून चार फांद्या फुटतात, पामचं तसं नाही. पामच्या एका खोडाला वाढीचा कोंब एकच असतो, अगदी शेंड्याला, झावळ्यांच्या देठांच्या आत दडलेला. तो कुजला किंवा कापला गेला की ते खोड गेलंच, बाजूला वेगळे फुटवे असतील तर तेवढे वाचतात. म्हणून पाम फार उंच झाला म्हणून वरून छाटायचा विचारही करू नका. खोडाला जखम झाली तर तीही भरून येत नाही, आयुष्यभर तशीच राहते. मुळं पण वेगळी, बुंध्यातून दोरीसारखी निघतात आणि नंतर जाड होत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी जितकी कमी झटापट तितकं बरं.

झाड आणायच्या आधी उजेड बघा

बहुतेक लोक आधी झाड घेतात आणि मग त्याला कोपरा शोधतात. उलटं करा. ज्या ठिकाणी पाम ठेवायचाय तिथे दुपारी एक पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर साधारण फूटभर उंचीवर हात धरा. हाताची सावली कडा स्पष्ट दिसेल इतकी गडद पडली तर तिथे भरपूर उजेड आहे, सावली पुसट पण हात ओळखू येतोय तर मध्यम, आणि सावली नीट पडतच नसेल तर तिथे दिवा लावल्याशिवाय कुठलाच पाम नीट वाढणार नाही, कोणी काहीही सांगू दे. मोबाईलवर लक्स म्हणजे उजेडाचं एकक मोजायचं अ‍ॅप टाकलंत तर अजून चांगलं, आकडा अगदी अचूक नसतो पण अंदाज येतो. बाहेर भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात आणि खिडकीपासून दोन मीटर आत आलं की कित्येकदा पाचशेसुद्धा भरत नाहीत. आपल्या डोळ्यांना तो फरक कळत नाही कारण डोळे लगेच जुळवून घेतात, झाडाला मात्र तेवढ्यावरच जगायचं असतं. माझा ढोबळ हिशोब असा की दिवसातला बराच वेळ हजार लक्सच्या आसपास मिळत असतील तर सावलीत जमवून घेणारे पाम टिकतात, पण टिकतात म्हणजे वाढतात असं नाही, छान वाढायला पाच हजारच्या पुढे हवेत.

उजेड हवा म्हणजे ऊन हवं असं मात्र नाही. छोट्या पामांपैकी बरेचसे मुळात जंगलातल्या मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे आहेत, काचेतून येणारं दुपारचं कडक ऊन थेट पानावर पडलं की पांढरट-तपकिरी डाग पडतात आणि ते डाग परत जात नाहीत. सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास मिळणारी पूर्वेची खिडकी सगळ्यात छान. पश्चिमेची असेल तर मध्ये पातळ पडदा लावा किंवा झाड मीटरभर आत घ्या. उजेड कमीच असेल तर साधा पांढरा एलईडी ग्रो लाइट झाडाच्या वर फूट-दीड फुटावर टांगून रोज दहा-बारा तास टायमरवर चालू ठेवायचा, यात काही मोठं तंत्र नाहीये.

कुठला पाम घ्यायचा

पहिल्यांदाच घेत असाल तर पार्लर पाम घ्या. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलातला हा पाम, सावलीची सवय असलेला, टेबलावर मावणारा, वर्षानुवर्षं कुंडीत राहून माणसाच्या खांद्याच्या आसपास पोचतो आणि बहुतेकदा तिथेच थांबतो. दुकानात जो एक झुपका दिसतो ती खरं तर बियांपासून केलेली दहा-वीस वेगवेगळी रोपं एकाच कुंडीत दाटीने लावलेली असतात. त्यातली काही कमजोर रोपं पहिल्या वर्षात मरणारच, त्याचं टेन्शन घेऊ नका, जी उरतात ती मजबूत होतात. थोडं मोठं झालं की घरातच पिवळ्या बारीक फुलांचे तुरे येतात. त्याने झाडाला काही होत नाही, पण रोप अशक्त असेल तर तुरा कापून टाकलेला बरा.

अरेका सगळीकडे मिळतो, दिसायला भरगच्च, देठ पिवळसर, म्हणून सगळ्यात जास्त तोच विकला जातो आणि सगळ्यात जास्त तक्रारीही त्याच्याच. मूळ मादागास्करचा. त्याला पार्लरपेक्षा बराच जास्त उजेड लागतो, पाणी जास्त लागतं, आणि पाण्यातल्या क्षारांना आणि फ्लोराइडला तो फार लवकर कंटाळतो. मोठ्या खिडकीजवळ किंवा झाकलेल्या बाल्कनीत जागा असेल तर जरूर घ्या, पण आतल्या खोलीतल्या कोपऱ्यासाठी घेऊ नका. आणि तो छोटा राहत नाही, काही वर्षांत छताकडे जातो.

रॅपिस म्हणजे लेडी पाम हा माझा सगळ्यात आवडता. पंख्यासारखी, बोटं फुटल्यासारखी गडद हिरवी पानं, काठीसारखी बारीक खोडं आणि त्यांच्याभोवती तपकिरी धाग्यांचं जाळं. दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामकडचा, जपानमध्ये तर कित्येक पिढ्या हा कुंडीत जपला गेलाय आणि पट्टेरी पानांच्या जातींना तिथे फार मान आहे. कमी उजेड, थोडी थंडी, एखाद वेळी पाणी घालायचं राहिलं, सगळं सहन करतो. महाग का मिळतो तर वाढायला अतिशय हळू आहे म्हणून. पण एकदा घेतला की लांबचा सोबती.

केंशिया सुद्धा असाच सोशिक. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाव नावाचं छोटं बेट आहे, मुळात फक्त तिथेच उगवतो, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तिथून त्याचं बी जगभर जायला लागलं आणि त्या काळच्या थंड, अंधाऱ्या दिवाणखान्यांत जे मोजके पाम तगले त्यातला हा एक. झावळ्या लांब कमानदार पसरतात म्हणून रुंद जागा लागते. बुटका खजूर म्हणजे फिनिक्स रोबेलिनी दिसायला नाजूक आहे पण देठाच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात, लहान मुलं असतील तर विचार करा, आणि त्याला उजेडही भरपूर लागतो. अगदी छोटी जागा असेल तर मेटॅलिका नावाचा पाम शोधा, दुभंगलेली निळसर-हिरवी चमकदार पानं, कमी उजेडातही शांतपणे राहतो. कॅट पाम त्यातल्या त्यात पाण्याचा शौकीन, ज्यांना पाणी घालायचा मोह आवरत नाही त्यांच्यासाठी ठीक. मॅजेस्टी पाम मात्र टाळा, स्वस्तात मिळतो पण त्याला उजेड, पाणी, खत सगळंच भरपूर हवं आणि तो झपाट्याने मोठा होतो. नारळासकट विकतात ते नारळाचं रोपही तसंच, त्याला पूर्ण ऊन लागतं, खोलीत ते जेमतेम नारळातला साठा संपेपर्यंत तग धरतं.

नावात पाम असून पाम नसलेली झाडं पण आहेत. पोनीटेल पाम आणि युक्का खरे पाम नाहीत, त्यांना पाणी बरंच कमी लागतं, इथले नियम त्यांना लावू नका. आणि सागो पाम हा सायकस आहे, म्हणजे पामसारखा दिसणारा पण वेगळ्याच गटातला, तो कुत्र्या-मांजरांना आणि माणसांनाही विषारी असतो, बिया तर सगळ्यात जास्त. घरात पाळीव प्राणी असतील तर हा फरक नीट समजून घ्या. अरेका, पार्लर, केंशिया, रॅपिस, बांबू पाम हे मात्र कुत्र्या-मांजरांसाठी सुरक्षित धरले जातात, मांजराने पात्या चावल्या तर नुकसान झाडाचंच.

हवा शुद्ध करतो म्हणून पाम घेणार असाल तर त्या अपेक्षेने घेऊ नका. 1989 च्या नासाच्या अभ्यासाचा दाखला सगळीकडे देतात, पण ते प्रयोग बंद पेटीत केले होते. 2019 मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला तेव्हा असं निघालं की साध्या हवा खेळण्याने घराची हवा जितकी साफ होते तितकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. पाम घ्यायला तो सुंदर दिसतो हे कारण पुरेसं आहे.

दुकानात काय तपासायचं

आधी मधलं टोक बघा. शेंड्यातून सरळ वर आलेलं, अजून न उघडलेलं टोकदार पान असतं ना, त्याला सुई म्हणतात. ती ताठ आणि हिरवी हवी. सुई तपकिरी असेल किंवा हलकं ओढल्यावर निघून येत असेल तर ते झाड घेऊ नका, आतला कोंब कुजलाय. मग खालच्या झावळ्या उलट करून बघा, देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस, पात्यांच्या मागे तपकिरी बारीक टिकल्या किंवा धुळीसारखं जाळं दिसलं तर ठेवून द्या. बुंधा धरून अगदी हलकेच हलवा, रोप मातीत डुगडुगत असेल तर मुळं अशक्त आहेत. कुंडीच्या भोकातून एखाद-दुसरं मूळ बाहेर आलेलं चालतं, चांगलंच लक्षण आहे ते.

सगळ्यात भरगच्च कुंडी घ्यायचा मोह टाळा. मी नेहमी नवीन सुया जास्त दिसतात ती कुंडी निवडते, भले झावळ्या कमी असू देत.

घरी आणल्यावर पहिला महिना

नवीन पाम दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा, कीड लपून आली असेल तर एवढ्या काळात दिसून येते. रिपॉटिंग म्हणजे कुंडी बदलणं लगेच करू नका, खत पण नको. नर्सरीत तो भरपूर उजेडात वाढलेला असतो, त्या उजेडात तयार झालेली पानं घराच्या उजेडाला बनलेलीच नसतात, त्यामुळे खालच्या एक-दोन झावळ्या पिवळ्या होऊन जातात. हे होणारच. नवीन सुई सरकतेय ना एवढंच बघायचं. सुई वाढतेय का हे कळायला एक साधी युक्ती आहे, सुईवर आणि शेजारच्या जुन्या देठावर एकाच उंचीवर पेनाने बारीक खूण करा आणि आठवड्याने बघा, सुईवरची खूण वर सरकली असेल तर झाडाचं आत सगळं नीट चाललंय, बाहेरून कितीही मलूल दिसू दे.

पाणी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं

दर किती दिवसांनी पाणी घालायचं याला उत्तरच नाही. उजेड, ऊबदारपणा, कुंडीचा आकार, माती, सगळ्यावर ते ठरतं. बोट मातीत दोन पेरं घालून बघा. वरचा दोन-तीन सेंटीमीटर भाग कोरडा लागला आणि त्याच्या खाली ओलसर असेल तर पार्लर, अरेका, बुटका खजूर यांना पाणी द्यायची वेळ झाली. रॅपिस आणि केंशियाला अजून थोडं थांबलं तरी चालतं. कॅट पामची माती मात्र कोरडी होऊ द्यायची नाही. त्याहून चांगली पद्धत म्हणजे कुंडी उचलून वजन बघायचं, पाणी घातल्यावर किती जड लागते आणि कोरडी झाल्यावर किती हलकी हे हाताला दोन-चार वेळांत कळतं, मग बोट घालायचीही गरज राहत नाही.

घालायचं तेव्हा पोटभर घाला. पेलाभर पाणी रोज असं केलं तर वरची माती सतत ओली, खालची मुळं कोरडी, आणि क्षार तिथेच साचतात. कुंडीच्या खालच्या भोकातून पाणी वाहेपर्यंत सगळीकडून सावकाश घाला, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि बशीत जमलेलं पाणी ओतून द्या. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत आतली प्लास्टिकची कुंडी ठेवायची पद्धत असते, ती पामचा छुपा शत्रू आहे, बाहेरून काही दिसत नाही आणि आत तळाशी चार बोटं पाणी आठवडेच्या आठवडे उभं असतं. आतली कुंडी काढून, पाणी घालून, पूर्ण निथळल्यावरच परत ठेवा.

एखाद्या वेळी कुंडीतलं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा पार वाळून गेलं तर वरून घातलेलं पाणी कडेकडेने सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. असं झालं की कुंडी बादलीत अर्ध्या उंचीपर्यंत पाण्यात अर्धा तास ठेवा, खालून भिजू द्या, मग निथळू द्या.

आता पाणी कुठलं. टोकं तपकिरी होण्याचं मोठं कारण इथे आहे. अरेका आणि पार्लर दोघांनाही फ्लोराइड आणि क्षार सोसत नाहीत. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की सगळं निघून जातं असं म्हणतात, क्लोरीन निघून जातो हे खरं पण फ्लोराइड आणि क्षार कुठेही जात नाहीत. पावसाचं पाणी मिळालं तर उत्तमच, नाहीतर आरओचं शुद्ध पाणी नळाच्या पाण्यात मिसळून घाला. पण आरओ मशीनच्या बाजूच्या नळीतून जे वाया जाणारं पाणी येतं ते पामला अजिबात घालू नका, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. वाया जाऊ नये म्हणून लोक प्रेमाने ते बादलीत साठवून झाडांना घालतात आणि काही महिन्यांनी सगळी टोकं जळतात. मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरमधलं पाणीही नको, त्यात सोडियम येतं. आणि पाणी कसंही असलं तरी दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीत नेऊन तिच्यात मावेल त्याच्या तीन-चार पट साधं पाणी हळूहळू घाला, साचलेले क्षार धुऊन निघतात. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला तर हे लगेचच करा.

दमटपणाबद्दल थोडक्यात. साधारण 40 ते 60 टक्के आर्द्रता पुरते. पानांवर पाण्याचे फवारे मारून काही फरक पडत नाही, पाच-दहा मिनिटांत सगळं वाळतं. झाडं एकमेकांजवळ ठेवा आणि एसीच्या किंवा हीटरच्या थेट झोतापासून लांब ठेवा. तापमान 18 ते 27 अंश छान, 10 अंशाच्या खाली अरेका कुरकुरायला लागतो, रॅपिस आणि केंशिया मात्र त्याहून थंडीही काढतात.

माती आणि रिपॉटिंग

पामला घट्ट कुंडी आवडते. मुळं कुंडी भरून टाकत नाहीत तोपर्यंत हलवायचं काहीच कारण नाही, साधारण दोन-तीन वर्षांनी एकदा. पाणी घातल्या घातल्या खाली निघून जातं, मुळं भोकातून भरपूर बाहेर येतात किंवा झाड स्वतःच कुंडीतून वर उचललं जातं, ही खरी लक्षणं. वाढीचा, ऊबदार हंगाम सुरू होताना करा, थंडीत नको.

माती म्हणजे दोन भाग भिजवून धुतलेलं कोकोपीट किंवा चांगलं पॉटिंग मिक्स, एक भाग परलाईट (हलके पांढरे खडे) किंवा जाडी धुतलेली वाळू, आणि एक भाग मुरलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत. कोकोपीटच्या विटांत कधी कधी खूप मीठ असतं म्हणून दोन-तीन वेळा पाणी बदलून धुवायचं, हे काम कंटाळवाणं आहे पण पामसाठी टाळू नका. बागेतली काळी चिकण माती कुंडीत नकोच. तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालायची जुनी सवय पण सोडा, त्याने निचरा वाढत नाही, उलट ओल धरून ठेवणारा मातीचा थर मुळांच्या अजून जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

आदल्या दिवशी पाणी घालून ठेवा म्हणजे गोळा सुटा होत नाही. नवीन कुंडी जुनीपेक्षा चारही बाजूंनी जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर मोठी घ्यायची, आणि रुंदपेक्षा खोल असेल तर बरी. कुंडी आडवी करून बाजूने थोपटा, झाड खोड धरून ओढू नका, बुडाला हात देऊन गोळा सरकवत बाहेर काढा. आता मुळं मोकळी करू नका, झटकू नका, धुऊ नका. काळी पडलेली, दाबल्यावर पिचपिचीत लागणारी आणि वास येणारी मुळं तेवढी कापा, बाकी कितीही गुंडाळलेली असली तरी तशीच राहू देत. तळाला माती घालून गोळा असा बसवा की आधी माती बुंध्याला जिथे लागत होती बरोबर तिथेच परत लागेल. यात एक-दोन सेंटीमीटरची चूकही महागात पडते, खोल लावला तर बुंधा कुजतो आणि नवीन पानं फिकट पिवळी निघायला लागतात, उथळ लावला तर वरून फुटणारी नवीन मुळं हवेत लटकून वाळतात. कडेच्या फटीत थोडी थोडी माती घालत बारीक काडीने सरकवत जा, मुठीने दाबून ठासू नका, वर दोन बोटं जागा पाण्यासाठी सोडा. मग भरपूर पाणी, दोन-तीन आठवडे थेट उन्हापासून लांब, आणि पहिले दीड-दोन महिने खत बंद.

पार्लर पामच्या झुपक्यातली रोपं वेगळी करून चार कुंड्या करायची इच्छा होते, पण मुळं एकमेकांत इतकी अडकलेली असतात की वेगळं करताना निम्मी रोपं जातात. झुपका तसाच ठेवा.

खत आणि पानं वाचायची पद्धत

वाढीच्या हंगामात महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीचं द्रवखत पुरतं, आणि थंडीत काहीच नाही. नत्र (N) आणि पालाश (K) जास्त, स्फुरद (P) कमी असं खत बघा, साधारण N-P-K 3-1-2 च्या प्रमाणातलं, आणि त्यात मॅग्नेशियम, लोह, मँगनीज ही सूक्ष्म द्रव्यं असली तर फारच छान. कोरड्या मातीत खत कधीच घालायचं नाही, आधी पाणी द्या. कमी उजेडातल्या झाडाला खत अजून कमी. उजेड नसताना खत घालून वाढ होत नाही, नुसते क्षार साचतात.

काही बिघडलं की आधी एकच प्रश्न विचारा: खराबी जुन्या खालच्या झावळ्यांवर आहे की वरच्या नवीन पानावर? पाम पालाश आणि मॅग्नेशियम जुन्या पानांतून काढून नव्याला देतो, म्हणून ही कमतरता खालून दिसते. जुन्या झावळीवर नारिंगी-पिवळे, उजेडाला धरले तर आरपार दिसणारे ठिपके आणि टोकाकडून वाळत येणं म्हणजे पालाश कमी. जुन्या झावळीच्या कडा गडद पिवळ्या पण मधला भाग हिरवाच, म्हणजे मॅग्नेशियम कमी, तेव्हा लिटरभर पाण्यात अर्धा चमचा एप्सम सॉल्ट विरघळवून महिन्यातून एकदा मातीत द्या. नवीन पानच फिकट पिवळं येत असेल तर लोह, आणि बहुतेकदा त्यामागे जास्त पाणी किंवा खोल लावणं असतं, तेच आधी दुरुस्त करा. नवीन पान छोटं, चुरगळलेलं, करपल्यासारखं निघत असेल तर मँगनीज. जे पान खराब झालंय ते परत हिरवं होत नाही, सुधारणा पुढच्या दोन-तीन पानांत दिसते, तोवर धीर धरा.

आणि म्हणूनच अर्धी पिवळी झावळी कापू नका. झाड तिच्यातून अजून पालाश ओढून घेतंय, तुम्ही ती कापली की तो पुढच्या पानातून ओढायला लागतो आणि पिवळेपणा एक पायरी वर चढतो. पूर्ण तपकिरी, वाळलेली झाली की मग बुंध्यापासून थोडं अंतर ठेवून स्वच्छ कात्रीने कापा. नुसती टोकं तपकिरी असतील तर पातीच्या आकारात तिरकी कापा, आणि तपकिरी भागाची अगदी बारीक कड मुद्दाम ठेवा, हिरव्यात कापलंत तर तिथून परत नवीन तपकिरी टोक तयार होतं.

कीड

इनडोअर पामला सगळ्यात जास्त त्रास लाल कोळी म्हणजे स्पायडर माइट या बारीक किडीचा, हवा कोरडी झाली की हमखास. पानं निस्तेज, बारीक ठिपक्यांनी भरलेली दिसतात. झावळीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, पडलेले ठिपके हळूहळू चालायला लागले की नक्की. झाड बाथरूममध्ये नेऊन हँडशॉवरने पानांच्या मागची बाजू जोरात धुवा, मातीवर प्लास्टिक बांधून. मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि काही थेंब सौम्य लिक्विड सोप नीट घुसळून, संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. आधी एकाच झावळीवर मारून दोन दिवस बघा. दर पाच-सात दिवसांनी तीन-चार वेळा करायलाच हवं कारण अंडी एका फवाऱ्यात मरत नाहीत. पिठ्या ढेकूण म्हणजे मिलीबग असेल तर कापसाचा बोळा 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून देठांच्या बेचक्यातून पुसून काढा. खवले कीड नखाने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडून मग तोच फवारा. पानं चकचकीत करायचे स्प्रे पामवर मारू नका, महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने धूळ पुसली की उजेड नीट मिळतो आणि कीडही लवकर नजरेस पडते.

नवीन झाडं करायची असतील तर

फांदी कापून पाम लागत नाही. बी ताजं मिळालं तर अरेका सोपा, गर काढून, दोन दिवस पाण्यात भिजवून, ओलसर कोकोपीटमध्ये 27 ते 30 अंशाच्या ऊबेत ठेवला की साधारण दीड-दोन महिन्यांत कोंब दिसतो. पार्लरचं बी कित्येक महिने काहीच करत नाही, डबा फेकून देऊ नका. जुनं वाळलेलं बी विकत घेण्यात अर्थ नाही.

रॅपिसची गोष्ट वेगळी, तो फुटव्यांनी पसरतो आणि विभागता येतो. रिपॉटिंगच्या वेळीच करा. तीन-चार खोडांचा एकत्र गठ्ठा निवडा, एकटा फुटवा सहसा जगत नाही, आणि त्या गठ्ठ्याला स्वतःची भरपूर मुळं आहेत ना हे माती थोडी बाजूला करून आधी बघा. मग धारदार, अल्कोहोलने पुसलेल्या सुरीने जमिनीखालचा आडवा जोड एका घावात कापा, ओढाताण नको. मुळांना मावेल एवढ्याच छोट्या कुंडीत लावा, त्याच खोलीवर, आणि महिना-दीड महिना सावलीत, दमट जागी ठेवा. या काळात एखादी झावळी जाईल, ती जाऊ द्या. माती जेमतेम ओलसर ठेवायची, खत नाही, आणि पुढचा फुटवा मातीतून डोकावेपर्यंत त्या कुंडीला हलवायचं नाही.